प्रात्यक्षिक परीक्षा : हात, डोळे आणि निर्णय यांची कसोटी

लेखी परीक्षा विद्यार्थ्याचे ज्ञान तपासते. प्रात्यक्षिक परीक्षेने त्याचे कर्म तपासावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, काकडी यांवर छेदनाचा आणि कमळाच्या देठावर वेधनाचा अभ्यास सांगितला आहे. शास्त्र पुष्कळ ऐकले, पण हाताने केले नाही, तो शिष्य कर्मास अयोग्य, हा त्याचा आशय. प्रात्यक्षिकातही केवळ तोंडी उत्तरांवर गुण पडले, तर हा हेतू विफल होतो.

१) द्रव्यपरीक्षा : ब्रह्मपुरी परिसरातील वनांत अर्जुन व ऐन हे एकाच कुळातील वृक्ष आढळतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी व पापुद्रे सुटणारी. ऐनाची काळपट, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. नेहमीच्या बरणीतील नमुना विद्यार्थी बरणीवरूनच ओळखतो. म्हणून चिठ्ठीविना, तुकडे करून मिसळलेली साल द्यावी व विचारावे : यातील कोणती स्वीकाराल, कोणती परत कराल, कशावरून?

२) प्रयोगशाळा : चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची तपासणी हा नित्याचा विषय आहे. विद्राव्यता चाचणीत द्रव गढूळ झाला, एवढे सांगणे पुरेसे नाही. रुग्ण आणि वाहक यांतील भेद या चाचणीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांखालील अर्भकात अथवा तीव्र पांडुरोगात ती फसवे नकारार्थी उत्तर देऊ शकते. चाचणी करणे, तिचा अर्थ लावणे व रुग्णास पुढे पाठविण्याचा निर्णय घेणे, या तिन्हींना स्वतंत्र गुण असावेत.

३) रुग्णपरीक्षा : डंडी येथील रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळात त्याच कार्यस्थानांवरून जातो, परीक्षक पूर्वनिश्चित सूचीनुसार गुण देतो. त्यामुळे परीक्षकाची मर्जी व रुग्ण सोपा मिळण्याचे दैव, दोन्हींचा प्रभाव घटतो. मात्र तुकड्यातुकड्यांच्या कसोटीत संपूर्ण रुग्णाचा विचार दिसत नाही. दशविध परीक्षेसह एक सविस्तर रुग्णपरीक्षण परीक्षकाने प्रत्यक्ष पाहणे आवश्यकच राहते.

या कार्यात व्यावसायिकांचाही वाटा आहे. औषधालयचालकांनी परत केलेल्या मालाचे नमुने नजीकच्या महाविद्यालयास द्यावेत, वैद्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या देखरेखीखाली रुग्ण तपासू द्यावेत. आज परीक्षेत चुकीची साल ओळखली गेली नाही, तर उद्या ती हृद्रोग्याच्या काढ्यात जाते.