केरळच्या कालव्यांतील परदेशी नेचे

केरळातील कुट्टनाड प्रदेशात अनेक भातखाचरे समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. बांध घालून व पाणी उपसून त्यांत पीक घेतले जाते, आणि भात, खत व माणसे ह्यांची ने-आण पूर्वापार कालव्यांतून नावेने होत आली आहे. अशा ठिकाणी पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकणारी वनस्पती शिरली म्हणजे शेती, मासेमारी व दळणवळण ही तिन्ही एकदम खोळंबतात. १९५५ च्या सुमारास तिरुवनंतपुरमजवळील एका सरोवरात अशी एक वनस्पती आढळली, व दहा वर्षांच्या आत ती राज्यातील एक उपद्रवी तण होऊन बसली. लोक तिला ‘आफ्रिकन पायल’, म्हणजे आफ्रिकेचे शेवाळ, म्हणू लागले. वस्तुतः ती आफ्रिकेची नव्हे आणि शेवाळही नव्हे. ते दक्षिण अमेरिकेतील एक तरंगते नेचे होय.

ह्या नेच्याच्या पेशींत गुणसूत्रांचे पाच संच असल्याने त्याचे बीजाणू वांझ निघतात. परंतु त्यावाचून त्याचे काही अडत नाही. खोडाचा लहानसा तुकडाही नवे रोप होतो, आणि ऊन व पोषक द्रव्ये मुबलक असल्यास पानांची संख्या दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. थरावर थर चढले की खालच्या पाण्यातील प्रकाश व ऑक्सिजन घटून मासे मरतात. वल्ह्याने तुटलेला तुकडा पुढच्या कालव्यात पोचतो. ज्या नावेची वाट हे तण अडवते, तीच त्याचे वाहन होते. खाचरातील तण हाताने काढण्यास हेक्टरी सुमारे २३५ रुपये मजुरी पडे, आणि नव्या पाण्याबरोबर ते पुन्हा आत येई.

मायदेशी ह्या वनस्पतीला आवरणारे कीटक असणारच, ते शोधून आणावेत, हा विचार योग्य होता. पण मायदेश कोणता, हे नावावरून ठरते, आणि नावच चुकले होते. तज्ज्ञांनी ती ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ मानली. म्हणून १९६० नंतरच्या दशकात त्या जातीवरचे कीटक त्रिनिदाद व आसपासच्या प्रदेशांत शोधण्यात आले. त्यांपैकी ‘पॉलिनिया’ नावाचा नाकतोडा १९७४ साली केरळात सोडला गेला, परंतु तणाला आळा बसला नाही. दरम्यान १९७२ साली डी. एस. मिचेल ह्यांनी ही जात निराळी असल्याचे दाखवून तिला ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’, म्हणजे त्रासदायक, असे समर्पक नाव दिले. तिचे मूळ स्थान १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तेथे तिच्यावर जगणारा, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा एक सोंडकिडा मिळाला. गंमत अशी, की तोही प्रथम त्रिनिदादच्या किड्याच्याच जातीचा समजला गेला. त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद १९८५ साली झाली.

ऑस्ट्रेलियात हा किडा १९८० साली मूंडारा सरोवरात सोडला गेला आणि वर्षभराहून थोड्या अधिक काळात तेथील तण जवळजवळ नाहीसे झाले. प्रौढ किडा कोंब खातो, तर त्याची अळी खोड पोखरते. साल्व्हिनियाखेरीज दुसऱ्या वनस्पतीवर त्याचा वंश चालत नाही. १९८२ साली तो भारतात आणला गेला. बंगळूरच्या एका कमळतळ्यातील तण त्याने अकरा महिन्यांत संपविले, आणि केरळात सोडल्यानंतर सुमारे तीन वर्षांत कुट्टनाडचे बहुतेक कालवे मोकळे झाले. केवळ मजुरीतच वर्षाकाठी सुमारे ६८ लाख रुपयांची बचत झाली.

आक्रमक परकीय जातींमुळे जगाला पडणारा वार्षिक भुर्दंड २०१९ साली ४२,३०० कोटी डॉलरांहून अधिक होता, असे जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाचा २०२३ चा अहवाल सांगतो. त्यातील सुमारे ९२ टक्के रक्कम नुकसानीची असून बंदोबस्तावरील खर्च अवघा ८ टक्के भरतो. ज्या वर्षांत कुट्टनाडचा शेतकरी मजुरी भरत होता, त्या वर्षांत नेच्याची जात ओळखण्याच्या कामावर झालेला खर्च ह्या दुसऱ्या, लहान भागातच मोडतो.

कुट्टनाडच्या मोकळ्या पाण्यावर पुढे जलपर्णीने पाय पसरले. तिचे नाव व अमेझॉनचे मूळ स्थान ह्यांविषयी शंका नाही, आणि तिच्यावरचे सोंडकिडेही भारतात १९८२-८३ पासून आहेत. परंतु शेतांतून वाहून येणारी खते व वस्त्यांचे सांडपाणी तिला पोसत राहते, आणि किडे खातात त्याहून वेगाने ती वाढते.