नाव न सांगता दिलेली खबर पोलीस घेतात का?

प्रश्न : आमच्या वाघोटणच्या खाडीत कधीकधी अनोळखी बोट येऊन थांबते. पोलिसांना कळवावंसं वाटतं, पण गाव लहान. सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत जेटीवर चर्चा. नाव न सांगता खबर दिली तर पोलीस दखल घेतात का? अशा खबरींनी गुन्हे खरंच उघडकीला येतात का?
— एक वाचक, विजयदुर्ग

उत्तर : दखल घेतात आणि गुन्हेही उघडकीला येतात. नाव लपवावंसं वाटतं यात भित्रेपणा नाही. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडमधल्या श्रीवर्धन तालुक्यात, दिघी आणि शेखाडीला, शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं गेली. तो माल सुखरूप जावा म्हणून लाच घेतलेल्या कस्टम आणि पोलीस खात्यांतल्या काही जणांना पुढे टाडा न्यायालयाने शिक्षा ठोठावली. खबर ज्याच्या कानावर घालायची तोच फितूर निघाला, तर नाव सांगणाऱ्याने कोणाच्या भरवशावर राहायचं?

त्याच तालुक्यात 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली. स्थानिकांनी कळवलं, पोलीस आले आणि बोटीत तीन एके-47 रायफली सापडल्या. तपासात कळलं की बोट ऑस्ट्रेलियातल्या एका महिलेच्या मालकीची होती. ओमानजवळ इंजिन बंद पडल्यावर खलाशांची सुटका झाली आणि रिकामी बोट वाहत इकडे आली. घातपात नव्हता. तरी कळवणाऱ्यांनी केलं ते योग्यच केलं. शंका आपण घ्यायची, शहानिशा पोलिसांनी करायची.

परदेशात या कामाची रीतसर पद्धत बसली आहे. 1976 मध्ये अमेरिकेतल्या आल्बुकर्की शहरात पेट्रोल पंपावरच्या एका तरुणाचा खून झाला. तपास अडला, तेव्हा ग्रेग मॅकॅलीज या पोलीस अधिकाऱ्याने तो प्रसंग टीव्हीवर घडवून दाखवला आणि नाव न विचारता बक्षीस जाहीर केलं. त्यानंतर आलेल्या फोनवरून आरोपींचा माग लागला. ‘क्राइम स्टॉपर्स’ तिथून सुरू झालं. तिथे फोन करणाऱ्याला नावाऐवजी एक क्रमांक मिळतो, बक्षीसही त्या क्रमांकावरच.

आपल्याकडे कायद्याचा आधार जुना आहे. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असं 1872 च्या पुरावा कायद्यात होतं. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 131 मध्ये आहे. मात्र निनावी खबर म्हणजे पुरावा नव्हे. तिच्यामुळे पोलिसांना दिशा मिळते. पाळत, झडती, पंचनामा हे सगळं त्यांनाच करावं लागतं. म्हणून खबर जितकी नेमकी, तितकी कामाची. ‘संशयास्पद बोट दिसली’ एवढ्याने काही होत नाही. बोटीवरचा क्रमांक (आपल्या बोटींचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो), केबिनचा रंग, इंजिन बाहेरचं की आतलं, किती माणसं, कोणती भाषा, भरती होती की ओहोटी, माल उतरला तर कुठे आणि कोणत्या गाडीत गेला, हे लिहा. जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं आणि ऐकलं ते वेगळं ठेवा. रापणीवरच्या आणि पातीवरच्या माणसांना आपल्या बंदरातली बोट लांबून ओळखता येते. परकी बोट त्यांच्याइतकी लवकर कोणत्याही कॅमेऱ्याला कळत नाही.

एक खबरदारी : 112 वर फोन केलात तर तुमचा नंबर तिथे दिसतो. नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. पण कोणालाच काही कळू नये असं वाटत असेल, तर थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे साधं पत्र टाका, शक्यतो दुसऱ्या गावच्या पेटीत. अंगावर प्रसंग असेल तर मात्र पत्राची वाट पाहू नका.

भावकीचा वाद किंवा जाळ्यावरून झालेलं भांडण मिटवायला या सोयीचा वापर कोणीही करू नये. कोणाला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी खबर देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे, आणि अशा प्रत्येक खोट्या पत्रामुळे पुढच्या खऱ्या पत्राची किंमत कमी होते.

किनाऱ्यावर शंकास्पद काही दिसलं तर सागरी पोलिसांचा क्रमांक 1093, तटरक्षक दलाचा 1554. दोन्ही तुमच्या तांडेलाच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.