ज्योत बाहेर, पाणी आत

पौड, ता. मुळशी
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताम्हिणीच्या अंगाला आपल्या जागेवर तू पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यास, फरशी बसली, वर पत्रे चढले, हे ऐकून फार बरं वाटलं. गॅस गीझर कुठला घ्यावा आणि बाथरूममध्ये कुठल्या भिंतीला लावावा, असं तू फोनवर विचारलंस. मी तेव्हा नुसतं 'लिहून कळवतो' म्हणालो, कारण तुझ्या प्रश्नातच चूक आहे. गॅस गीझर बाथरूममध्ये लावायचाच नसतो.

तुझ्या आजीची न्हाणी आठव. तांब्याचा बंब मागच्या पडवीत धडधडायचा आणि पाणी तेवढं बादलीने आत जायचं. न्हाणीला कौलांच्या फटी होत्या, दाराखालून हात जाईल एवढी जागा होती. आजीला कार्बन मोनॉक्साइड हे नाव ठाऊक नव्हतं. पण विस्तव आणि अंघोळ करणारं माणूस यांना तिने एका बंद खोलीत कधी कोंडलं नाही. गीझर म्हणजे बंबच. लाकडाच्या जागी गॅस आला, एवढाच फरक.

गॅसचा गीझर घ्यायचं तुझं कारण मला पटतं. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होते, पण आषाढात झाड तारेवर पडलं की आपल्या वाडीला दोन दोन दिवस अंधार. सोलरला त्या दिवसांत ऊन नाही. तेव्हा गॅस बरा. पण लक्षात घे, ज्या पावसात गॅस लागतो, त्याच पावसात माणसं झडीला भिऊन खिडक्या घट्ट लावून घेतात.

आता जरा हिशेब कर. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला जवळजवळ १ किलो गॅस जाळतो. एवढा गॅस जळायला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे पाच मिनिटांत १ घनमीटर. पाच बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची तुझी बाथरूम सात घनमीटरसुद्धा भरत नाही. घरातली चार माणसं एकापाठोपाठ अंघोळीला गेली की चौथ्याच्या वाट्याला काय हवा उरेल? हवा उतरली की ज्योतही नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड अधिकच होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि कडी आतून लावलेली असते.

हे मी पाहिलेलं आहे. पुण्यात एका घरी, बाहेर लावला तर भिंत वाईट दिसेल असा मालकांचा हट्ट होता, म्हणून मी गीझर बाथरूममध्ये बसवून दिला. वरचा झरोका उघडा ठेवा, एवढं बजावून आलो. थंडीत त्यांनी त्या झरोक्यात वर्तमानपत्रं कोंबली. एका सकाळी त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दार फोडून बाहेर काढावं लागलं. ती वाचली. आधी सगळे फिट आली असंच समजत होते. गीझरचं नाव एका तरुण डॉक्टरने काढलं. मी तिथे गेलो तेव्हा ती वर्तमानपत्रं झरोक्यात तशीच होती, काजळीने काळी झालेली. त्या दिवसापासून मी एकही गीझर आत लावलेला नाही. कामं गेली, त्याचं दुःख नाही.

परदेशात कालव्यांवरच्या बोटींत माणसं बारा महिने राहतात. केबिन आपल्या बाथरूमसारखीच चिमुकली. तिथे पसंती असते ती बंद पेटीच्या गीझरला: ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर नळीने परत बाहेरच जातो, केबिनच्या हवेशी संबंध नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो. आपल्याला तर अख्खं अंगण मोकळं आहे.

म्हणून तू असं कर. गीझर बाहेरच्या भिंतीला, पूर्वेच्या बाजूला लाव. आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते. वर पत्र्याचं छप्पर दे, पण चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळू नकोस. शेजारच्या खिडकीतून धूर आत फिरेल अशी जागा नको. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापर. सिलिंडर बाहेर, उभा, जमिनीच्या पातळीवर, खड्ड्यात नको. पाहुण्यांकडून पैसे घेणार, तेव्हा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच आण. जोड साबणाच्या पाण्याने तपास.

घेताना आयएसआय चिन्ह बघ, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो ना ते विचार, आणि पाण्याच्या किती दाबावर पेटतो ते पत्रकात वाच. तुझी टाकी ठेंगण्या स्टँडवर असेल तर गीझर पेटणारच नाही. ती गीझरच्या वर तीन मीटर तरी चढव. दरवर्षी मृगाआधी बर्नर उघडून साफ करून घे. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि निळी ज्योत पिवळी पडते. पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली की त्याच क्षणी गीझर बंद.

गीझर बाहेर लावलास तरी बाथरूमच्या दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसव. आणि कधी कुणाला आत भोवळ आलीच, तर आधी मोकळ्या हवेत आण आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गीझरचं सांग.

मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा दार लावून अंघोळीला जातो, तो तुझ्या भरवशावर. भिंतीला भोक पाडायच्या आधी मला जागेचा फोटो पाठव. मी स्वतः येऊन बघेन. तोवर सिलिंडर जोडू नकोस.

तुझा,
काका