ब्रूटसाचे नाणे

कराचे नाणे हाती घेऊन, त्यावर मुखवटा कोणाचा, असे प्रभूने विचारिले, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु जिवंत मनुष्याचा मुखवटा रोमेच्या नाण्यावर आला केव्हा? या पाठात आपण त्याचा विचार करू.

रोमी लोकांच्या जुन्या नाण्यांवर देवदेवतांच्या व मृत पूर्वजांच्या आकृती असत. जिवंताचा मुखवटा हे राजेपणाचे चिन्ह होय, आणि राजा हे नावच त्यांस खपत नसे. ख्रिस्तपूर्व ४४ साली यूलियस कैसराचा मुखवटा नाण्यावर उमटला. त्याच साली मार्चच्या १५ व्या दिवशी, हा राजा होऊ पाहतो, असे म्हणून ब्रूटस व त्याच्या सोबत्यांनी त्याचा वध केला.

ख्रिस्तपूर्व ४२ साली ब्रूटसाने आपल्या सैन्याकरिता नाणे पाडिले. त्याच्या एका बाजूस दोन खंजीर असून मध्ये एक टोपी आहे. दासास मुक्त करिते वेळी अशी टोपी देत असत. म्हणजे, या खंजिरांनी आम्ही लोकांस दास्यातून सोडविले, असा अर्थ. खाली वधाच्या दिवसाचे नाव आहे. आता नाणे उलटून पाहा. दुसऱ्या बाजूस मुखवटा कोणाचा? जिवंत ब्रूटसाचाच! त्याच साली फिलिप्पै येथे त्याचा पराभव झाला व त्याने आत्महत्या केली. पुढे याच नगरात पौलाने सुवार्ता सांगितली.

हे नाणे फार दुर्मीळ आहे. रुप्याची सुमारे शंभर व सोन्याची तीनच ज्ञात आहेत. सोन्याचे एक सन २०२० मध्ये लंडन येथे लिलावात ३२ लाखांहून अधिक पौंडांस विकले गेले. परंतु ते पूर्वी कोणाजवळ होते याविषयीचे कागद खोटे ठरले, आणि सन २०२३ मध्ये ते ग्रीस देशास परत देण्यात आले. सारांश, जुनी नाणी जमविणाऱ्याने नाणे खरे आहे एवढेच पाहून भागत नाही. ते प्रामाणिक मार्गाने आले की नाही, हेही पाहिले पाहिजे.

वाचकहो, गावच्या पाटलाचा किंवा मंडळीतील वडिलाचा ताठा आपणांस खुपतो, आणि तो खुपावा हे योग्यच आहे. परंतु उद्या ती जागा आपणांस मिळाली, तर आपल्या कामावर आपण कोणाचा मुखवटा उमटवू? प्रत्येकाने याचे उत्तर आपल्या मनाशी द्यावे.