कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोण?



राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या वस्त्यांवर आम्ही महिलांच्या बैठका घेतो. घरात गरोदर सून असली की सांगतात, "तारीख काढलीय, कार्ड केलंय, गोळ्या चालू आहेत." पण "कळा आल्यावर तिच्याजवळ कोण बसणार?" असे विचारले की सगळ्या एकमेकींकडे बघतात. हा प्रश्न कळा सुरू होण्याआधीच सुटायला हवा.

घाबरलेली बाई श्वास रोखते, अंग आखडते आणि लवकर थकते. त्यामुळे वेदना जास्त जाणवतात. विश्वासाचे माणूस शेवटपर्यंत जवळ असले तर फरक पडतो. जगभरच्या 26 अभ्यासांतल्या 15 हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती 2017 मध्ये एकत्र तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांचे नैसर्गिक बाळंतपण जास्त झाले, सिझेरियन कमी झाले आणि कळांचा काळही थोडा कमी झाला.

हा आपला हक्क आहे

सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी सोबतीण ठेवता येते. केंद्र सरकारने 2016 मध्येच तशी सूचना दिली आहे. सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि तिने सिस्टरच्या कामात अडथळा आणू नये. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येते. नाव भरतानाच नम्रपणे सांगा, "ही आमची सोबतीण."

सोबतीण कोण, हे गरोदर बाईने ठरवावे. सासूबाईंचा मान आहेच, पण तिला आई, जाऊ किंवा बहीण हवी असेल तर तिचे ऐकावे. "आम्ही नाही का बाळंत झालो?" असे म्हणणारी बाई त्या वेळी जवळ नको.

सोबतिणीने काय करावे?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तिला चालू द्या, भिंतीला किंवा तुमच्या खांद्याला टेकून उभी राहू द्या. महामायेने शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच सिद्धार्थाला जन्म दिला, हे आपण वाचले आहेच. पडायचे असेल तर डाव्या कुशीवर. बराच वेळ उताणे झोपवू नका.

कळ आली की तळहाताने कमरेवर घट्ट दाब द्या. तिच्याबरोबर तुम्हीही सावकाश श्वास सोडा. कळ गेली की घाम पुसा, घोटभर पाणी किंवा पेज द्या. दर दोन तासांनी लघवीची आठवण करा, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत अडथळा आणते.

सिस्टर सांगेपर्यंत जोर करायला लावू नका. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर केला तर ती नुसती दमते. पोट कुणालाही दाबू देऊ नका. घरी कळा वाढवायचे इंजेक्शन मुळीच घेऊ नका. त्याने गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

ती ओरडली, रडली तर रागावू नका. "मी इथेच आहे, ही कळ गेली बघ," एवढे बोलणे पुरे.

स्पर्शाचे मोल

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. 1929 साली ते 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. तिला बाहेर आणल्यावरही त्याने हात लावला नाही. थर्मामीटर आधी एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. ती वाचली नाही. म्हणून बाळंतिणीला हात लावणारे, तिचा हात धरणारे माणूस ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही. आजही कुणी जातीवरून बोलले, शिवी दिली किंवा हात उगारला, तर वेळ लिहून ठेवा आणि वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

वेळेवर निघा

केळदसारख्या घाटमाथ्यावरच्या गावांतून आणि पानशेतच्या पाण्याकाठच्या वाड्यांतून पावसाळ्यात गाडी लवकर मिळत नाही. आठवडाभर आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जा. सिझेरियन लागले तर वेल्ह्याहून पुढे कुठे जायचे, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा. 102 किंवा 108 ला फोन करा. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे.

पाणी गेले, अंगावरून रक्त गेले, झटके आले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट न बघता निघा.

बाळ आल्यावर

सोबतिणीने लगेच घरी पळू नये. पहिले दोन तास रक्तस्रावावर लक्ष ठेवा. पॅड भराभर भिजत असेल तर तत्काळ सिस्टरला हाक मारा. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, तासाभरात अंगावर पाजा. मध, गूळपाणी, घुटी नको. मुलगी झाली म्हणून सुस्कारा टाकू नका. तो आवाज बाळंतीण विसरत नाही. दोन आठवड्यांनंतरही ती रडत असेल, बाळ नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. तिला डॉक्टरांकडे न्या.

या रविवारी वंदनेनंतर विहारात थोडा वेळ थांबा. वस्तीत कोण गरोदर आहे, तिची सोबतीण कोण आणि रात्री गाडी कुणाची, या तीन गोष्टी वहीत लिहा. जिला कुणीच नाही तिच्यासाठी दोघींनी नावे द्या.

जय भीम!