डाळिंबाचे वाण व तेल्या रोग : आनुवंशिक परीक्षणाचा उपयोग

पर्जन्यछायेत मोडणाऱ्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हलक्या व मुरमाड जमिनींना डाळिंबाच्या पिकाने मोठा आधार दिला आहे. संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर या तालुक्यांत थोड्या पाण्यावर तग धरणारे व चांगला पैसा देणारे फळझाड म्हणून बागायतदारांनी डाळिंबाची लागवड केली. परंतु या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने महाराष्ट्रातील डाळिंब क्षेत्रात थैमान घातले आणि अनेकांना पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या बागा मुळासकट उपटून टाकाव्या लागल्या. त्या अनुभवातून बागायतदारांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणता धडा घ्यावा, आणि आनुवंशशास्त्राची नवी साधने त्या कामी कशी उपयोगी पडतात, हे या लेखात सांगावयाचे आहे.

समजा, दोन बांधशेजाऱ्यांनी एकाच वर्षी डाळिंब लावले. जमीन, पाणी व खतमात्रा दोघांची सारखीच. एकाने तपासलेल्या मातृवृक्षांची कलमे आणली. दुसऱ्याने ओळखीच्या बागेतून स्वस्तात मिळाल्या म्हणून गुट्या आणल्या. दोन वर्षे दोन्ही बागा सारख्याच डौलदार दिसल्या. तिसऱ्या वर्षी मृग बहार धरला, पावसाची झड लागली, आणि दुसऱ्याच्या बागेत पानांवर तेलकट ठिपके दिसू लागले. तो धावत येऊन विचारतो, "साहेब, आता कोणते औषध मारू?" हा प्रश्न विचारण्यास तीन वर्षे उशीर झालेला असतो. खरा प्रश्न लागवडीच्या दिवशीच विचारावयास हवा होता. तो असा की, ही कलमे कोणत्या झाडाची आहेत?

वाणाची कुळकथा

पुण्याजवळील गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी वाणाच्या रोपांतून एक सरस झाड निवडले. १९३६ साली पुढे आलेल्या या निवडीस १९७० साली 'गणेश' हे नाव मिळाले. मऊ बियांचा व भरपूर उत्पन्न देणारा हा वाण राज्यभर पसरला. पण त्याच्या दाण्यांचा रंग फिकट होता. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या लाल दाण्यांच्या रशियन वाणाशी केला. त्या संकराच्या संततीतून मृदुला, आरक्ता व भगवा हे वाण निवडले गेले. २००३-०४ च्या सुमारास लागवडीस आलेला भगवा आपल्या आकर्षक सालीमुळे व टिकाऊपणामुळे देशांत व परदेशांतही मान्यता पावला.

भगव्यासच निरनिराळ्या ठिकाणी शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना अशी नावे आहेत. नाव बदलले म्हणून वाण बदलत नाही. तथापि नवे नाव सांगून जुनाच वाण चढ्या भावाने विकणारा विक्रेता भेटला, तर केवळ रोप पाहून बागायतदारास ते ओळखता येत नाही.

एक हेक्टर बाग, पण झाड एकच

डाळिंबाची बी लावली तर उगवणारे रोप आईसारखे निपजत नाही. म्हणून आपण गुटी बांधतो. फांदीची साल गोलाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधावे, मुळ्या फुटल्या की फांदी तोडून लावावी, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. हे नवे झाड म्हणजे जुन्या झाडाचीच फांदी होय. साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतरावर हेक्टरी ७४० झाडे बसतात. ती सर्व एकाच मातृवृक्षाची असली, तर आनुवंशिक दृष्ट्या ती बाग म्हणजे ७४० ठिकाणी उभे असलेले एकच झाड आहे.

याचा लाभ असा की, फळे एकसारखी मिळतात. तोटा असा की, जो रोग एका झाडास मारतो तो सर्वांस मारू शकतो. शिवाय मातृवृक्षाच्या फांदीत रोगाचे जंतू दडलेले असले, तर गुटीबरोबर तेही नव्या शेतात येतात. वाणाचे गुण व रोगाचे जंतू हे दोन्ही एकाच फांदीतून प्रवास करतात, हे या लेखातील मुख्य सूत्र होय.

तेल्या रोगाचे स्वरूप

तेल्या हा बुरशीजन्य रोग नसून जिवाणूजन्य आहे. 'झँथोमोनास' गटातील जिवाणू त्यास कारणीभूत होतो. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्ली येथे झाली. पानावर लहान, पाणीदार, तेलकट ठिपके पडतात. पान उजेडासमोर धरले असता ते पारदर्शक दिसतात. फांदीच्या पेरावर डाग पडून ती तेथून तडकते व मोडते. फळावर डाग पडून साल इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षराच्या आकारात फाटते, आणि असे फळ बाजारात कोणी घेत नाही. जंतू पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून व जखमांतून आत शिरतात. पावसाचे शिंतोडे, छाटणीची कात्री व रोगट कलमे यांच्याद्वारे रोगाचा प्रसार होतो. उबदार व दमट हवा त्यास मानवते. म्हणूनच मृग बहारात त्याचा जोर अधिक असतो.

परीक्षण कसे करतात

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली ती त्या जीवाची जन्मपत्रिकाच आहे. डाळिंबाच्या पेशीत हा धागा गुणसूत्रांच्या आठ जोड्यांत विभागलेला असतो. डाळिंबाचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा २०१७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. तो तेहतीस कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. तेल्याच्या जिवाणूचा आराखडा त्यापूर्वी २०१२ साली प्रसिद्ध झाला असून तो सुमारे पन्नास लाख अक्षरांचा आहे.

एवढ्या मोठ्या मजकुरातून हवी ती ओळ शोधण्याची युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांनी १९८३ साली काढली. तिला पीसीआर असे म्हणतात. या पद्धतीत डीएनएचा निवडलेला तुकडा यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. एकाचे दोन, दोनांचे चार असे तीस वेळा झाले, तर एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. त्यामुळे नमुन्यात मूठभर जंतू असले तरी त्यांचा माग लागतो. या शोधाबद्दल मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वाण ओळखण्यासाठी डीएनएवरील अशा जागा पाहतात की जेथे वाणावाणांत फरक असतो. अनेक खुणांचा मेळ बसला तर वाणाची ओळख पटते, व संकराचे आईबाप कोण हेही पडताळता येते. रोग ओळखण्यासाठी मात्र केवळ त्या जिवाणूतच आढळणारा तुकडा शोधतात. अशा रीतीने पानावर ठिपका दिसण्यापूर्वीही रोगाचा सुगावा लागू शकतो. मातृवृक्षांच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण एका रोगट मातृवृक्षापासून शेकडो कलमे गावोगावी जातात.

नवीन वाण निर्माण करण्याच्या कामीही या साधनांचा उपयोग होतो. भगवा व गणेश हे दोन्ही वाण तेल्यास बळी पडतात. म्हणून संशोधक हिमालयाच्या उतारावरील रानटी डाळिंबाकडे वळले आहेत. त्यास तिकडे 'दारू' असे नाव आहे. २००५ साली स्थापन झालेल्या सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ साली 'सोलापूर लाल' हा संकरित वाण काढला. त्याच्या पूर्वजांत भगवा व गणेश यांच्यासह बुटका 'नाना' व रानटी 'दारू' यांचा समावेश आहे. संकरित रोपास फळ येण्यास वर्षे लागतात; परंतु डीएनएवरील खुणा पाहून नको असलेली रोपे बालपणीच वगळता येतात व संशोधकाचा काळ वाचतो.

परीक्षणाच्या मर्यादा

या साधनांविषयी भाबडी समजूत बाळगू नये. परीक्षण हे औषध नव्हे. एका पानात जंतू आढळले नाहीत म्हणून सारी बाग निरोगी ठरत नाही. नमुना जेथून घेतला तेवढ्यापुरतेच उत्तर मिळते. मेलेल्या जंतूंचा डीएनएही परीक्षणात दिसू शकतो. तसेच एकाच वाणातून निवडलेला उपप्रकार मोजक्या खुणांवरून वेगळा ओळखणे कठीण असते.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ऊतिसंवर्धित रोपे रोगमुक्त असतात, म्हणून ती रोगप्रतिकारकही असतात असे काही बागायतदार मानतात. तसे नाही. भगव्याचे ऊतिसंवर्धित रोप हे भगवाच होय. शेजारच्या बागेतून जंतू आले, तर तेही आजारी पडते. रोगमुक्त रोप म्हणजे स्वच्छ पाटी. ती स्वच्छ ठेवणे हे बागायतदाराच्याच हाती आहे.

कार्यकर्त्यांनी व बागायतदारांनी काय करावे

(१) कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. फळरोपवाटिका व फळझाडांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा राज्यात १९६९ साली झाला आहे. कलमे घेताना वाण व मातृवृक्ष यांची विचारणा करावी आणि पावती जपून ठेवावी.

(२) शक्य असेल तर पावसाळ्यात मातृवृक्षांची बाग स्वतः पाहावी. त्या वेळी रोग लपून राहत नाही. ज्या बागेत पूर्वी तेल्या येऊन गेला, तेथील गुट्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत.

(३) संशयास्पद ठिपका दिसल्यास प्रथम साधी तपासणी करावी. ठिपक्याच्या कडेचा लहान तुकडा कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कापलेल्या कडेतून धुरासारखा स्राव बाहेर पडत असेल, तर रोग जिवाणूजन्य आहे असे समजावे. अधिक खात्रीसाठी आनुवंशिक परीक्षण करावे.

(४) नमुना पाठविण्यापूर्वी राहुरीचे विद्यापीठ किंवा सोलापूरचे केंद्र यांच्याकडे कोणते परीक्षण होते व त्याचे शुल्क किती, याची चौकशी करावी. रोगासाठी ताजे ठिपके असलेली पाने, तर वाणासाठी कोवळी व स्वच्छ पाने घ्यावीत. ओली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, ती कुजतात. प्रत्येक झाडाची पाने कागदी पाकिटात वेगळी ठेवून त्यावर गाव, गट क्रमांक, झाडाची ओळ, वाण, कलमे कोठून आणली व तारीख लिहावी. नमुना उन्हात न ठेवता लवकरात लवकर पोहोचवावा.

(५) एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना छाटणीची कात्री शिफारस केलेल्या निर्जंतुक द्रावणात बुडवावी. रोगट फांद्या, पाने व फळे गोळा करून बागेबाहेर नष्ट करावीत; बांधावर टाकू नयेत.

(६) रोगग्रस्त भागात मृग बहार टाळून हस्त बहाराचा विचार करावा. झाडांस पुरेशी विश्रांती द्यावी, व विश्रांतीच्या काळात एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. त्यासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना हे प्रमाण घ्यावे.

(७) गावात नवी लागवड झाली की कार्यकर्त्याने आपल्या वहीत शेतकऱ्याचे नाव, वाण, कलमांचे मूळ ठिकाण व तारीख यांची नोंद ठेवावी. उद्या एका बागेत रोग निघाला, तर त्याच ठिकाणची कलमे आणखी कोणी लावली आहेत हे त्या नोंदीवरून त्याच दिवशी कळेल व त्यांना वेळीच सावध करता येईल. प्रयोगशाळेतील मौल्यवान यंत्राइतकेच महत्त्व या वहीस आहे.

आपल्याकडे सोयरीक जमविताना कुळाची विचारपूस करण्याची रीत आहे. डाळिंबाची बाग पंधरा-वीस वर्षे सोबत करावयाची असते. तिच्या कलमांचेही कूळ तितक्याच काळजीने विचारावे. जेथे डोळ्यांस दिसत नाही तेथे आनुवंशिक परीक्षण साहाय्यास येईल. परंतु विचारण्याची सवय बागायतदाराने व कार्यकर्त्याने स्वतःच लावून घेतली पाहिजे. येत्या हंगामात ज्या गावी नवी लागवड होणार असेल, तेथील कार्यकर्त्यांनी खड्डे खोदण्यापूर्वीच बागायतदारांची बैठक घेऊन हा विषय समजावून द्यावा.