लाल गावानं दिलेले धडे

फ्रान्सच्या कोरेझ जिल्ह्यातलं कोलोंज-ला-रूज हे गाव. वस्ती पाचशेच्या आसपास. इथल्या वालुकाश्मात लोहाचा अंश आहे, म्हणून घरं, बुरूज, चर्च सगळं तांबडंलाल. लग्नानंतर या भागात आले, त्याला नऊ वर्षं झाली. या काळात गावानं जे शिकवलं, ते इथे मांडते.

१. आधी 'बाँझूर', मग काम.
पहिल्या दिवशी शेजारच्या गावातल्या बेकरीत शिरले आणि थेट लांबट फ्रेंच पाव, म्हणजे 'बागेत', मागितला. बाई नुसत्याच थांबल्या. मागच्या आजोबांनी हळूच "बाँझूर, मादाम" म्हटलं, तेव्हा लक्षात आलं, मी नमस्कारच केला नव्हता. आता दारातूनच रांगेतल्या सगळ्यांना 'बाँझूर' म्हणते. समोरच्या माणसाची दखल घेतल्याशिवाय इथे व्यवहार सुरू होत नाही.

२. घर आपलं, दर्शनी भिंत गावाची.
गाव 1942 पासून संरक्षित आहे. खिडकीच्या झडपांना रंग द्यायचा तरी परवानगी लागते. माझा पहिला अर्ज परत आला तेव्हा फार राग आला होता. मग कळलं, एकोणिसाव्या शतकात इथल्या पडक्या घरांचे दगड काढून विकले जात होते. गाव थोडं थोडं करून संपत होतं. तेव्हापासून तो नियम मला जाच वाटत नाही.

३. एका गावानं हाक दिली, तर बाकीची ओ देतात.
1981 मध्ये इथले मेयर शार्ल सेराक यांनी सुंदर खेड्यांवरचं एक पुस्तक पाहिलं आणि त्यातल्या गावांच्या मेयरांना पत्रं धाडली. 66 जण तयार झाले. 1982 मध्ये 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' ही संस्था उभी राहिली. वस्ती दोन हजारांच्या आत हवी, ही तिची अट. लहान असणं हीच इथे पात्रता ठरली.

४. एका छपराखाली दोघांची सोय होते.
बाराव्या शतकातल्या चर्चचं दर्शनी शिल्प लाल भिंतीत पांढऱ्या चुनखडकाचं आहे. आत दोन दालनं. पुढे फ्रान्समधल्या धार्मिक युद्धांच्या काळात एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रोटेस्टंट प्रार्थना करत. तिथे गेले की त्या दोन दालनांमध्ये मी थोडा वेळ उभी राहते.

५. भट्टी पेटली, तरच ती भट्टी.
जुन्या बाजारमंडपात गावाची सामाईक भट्टी आहे. ऑगस्टमध्ये पावाच्या उत्सवाला ती पेटवतात. लाकडाचा धूर गल्लीत उतरतो, लांब दांड्याच्या फळीवरून पाव बाहेर येतात आणि गरम कवच तडतडतं. तो आवाज ऐकताना ही जुनी वास्तू आहे, याचा विसर पडतो.

६. हातातलं हातातच द्यावं लागतं.
ऑक्टोबरात अक्रोड पडतात. हिरवी साल सोलून बोटं काळी होतात, आठवडाभर डाग जात नाही. शेजारच्या आजींनी मला फोडायला शिकवलं. दगडी फरशीवर अक्रोड उभा धरायचा आणि लाकडी हातोडीनं बरोबर टोकावर एकच ठोका द्यायचा. जोर जास्त झाला की गराचा चुरा, कमी पडला की कवच तसंच. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वाटीत चुराच जास्त असायचा. आजी काही बोलत नसत, माझं मनगट धरून ठोका देत. अख्खा गर निघाला की तो माझ्याच वाटीत टाकत.

आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या मुलानं ती हातोडी आणून माझ्या हातात ठेवली. दांडा अंगठ्याच्या जागी झिजलेला आहे. या हिवाळ्यात समोरच्या घरातली आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसते. मी तिचं मनगट धरते.